चावू शकतो, पण चावत नाही: व्हॅम्पायरच्या प्रेमकथा मुलांना का सोडवत नाहीत

तुमची मुलगी 14 वर्षांची. गेले सहा महिने व्हॅम्पायरच्या प्रेमकथांखेरीज दुसरं काही हातात घेत नाही. ‘ट्वायलाइट’चे पहिले दोन भाग दोनदा वाचून झाले, आता तिसरा मागते आहे. या पुस्तकांत एवढं आहे काय, त्यातून ती काही भलतंच शिकेल का, आणि तिसरा भाग आणून द्यावा का, असे तुमचे तीन प्रश्न. शाळेच्या वाचनालयात मी 22 वर्षं काढली आहेत, त्या जोरावर उत्तर देते. पहिल्या प्रश्नावर जास्त बोलणार आहे, कारण तो नीट कळला की बाकीचे दोन निम्मे सुटतात.

सुरुवातीला माझंही तुमच्यासारखंच झालं होतं. ‘ट्वायलाइट’ 2005 साली आलं. आमच्या वाचनालयात त्याची प्रत आली तेव्हा मी नाक मुरडून ती खालच्या खणात ठेवली होती. महिनाभरात तिची शिवण उसवली. ज्या मुली साठ पानांची गोष्ट अर्ध्यावर टाकून परत करायच्या, त्याच पाचशे पानांचा ठोकळा तीन दिवसांत संपवून पुढच्या भागासाठी दारात उभ्या. मग मीही वाचलं, थोडं लपूनछपूनच. भाषा बेताची आहे. नायकाच्या देखणेपणाची वर्णनं इतक्या वेळा येतात की शेवटी मी ती चाळून पुढे जाऊ लागले. शंभरी ओलांडलेला माणूस पुन्हा पुन्हा शाळेत नाव का घालतो, याचं उत्तर मला आजही पटलेलं नाही. तरी पुस्तक खाली ठेववेना. तेव्हापासून मी मुलांना एकच प्रश्न विचारत आले: यातला कुठला प्रसंग तुला पुन्हा वाचावासा वाटला?

आपल्याला वाटतं, मुलांना रक्ताचं आणि भीतीचं आकर्षण असणार. पण तसं असतं तर भयकथांच्या कपाटापुढेही तशीच झुंबड उडाली असती. मला आठवतं तेवढ्यात कुणी चावण्याचा प्रसंग सांगितला नाही. सगळ्या सांगायच्या ते न चावण्याचे प्रसंग. वर्गात तो तिच्या शेजारी बसला आहे, मूठ आवळून, अंग आखडून. तिच्या वासाने त्याचा जीव कासावीस झाला आहे आणि तो जागचा हलत नाही. का हलत नाही हे तिला ठाऊक नाही, वाचणाऱ्याला अंदाज आलेला आहे. या सगळ्या पुस्तकांचा जीव मला तरी इथेच सापडला. जो सहज इजा करू शकतो तो करत नाही, आणि हे न करणं त्याला दर क्षणी जड जातं. एका बाजूला भूक, दुसऱ्या बाजूला त्या भुकेवरचा ताबा, आणि ही ओढाताण पाचशे पानं संपत नाही.

ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही. ही पुस्तकं शरीराच्या ओढीबद्दल आहेत आणि मुलांना ते कळतं. पण त्यांतली चाल बघा. हाताला हात लागला तर त्यावर दोन पानं. जवळ येणं म्हणजे जिवाचा धोका, म्हणून प्रत्येक पाऊल जपून. तेरा-चौदाव्या वर्षी कुणाचं तरी जवळ येणं हवंही असतं आणि त्याने पोटात गोळाही येतो. मोठ्यांसाठीच्या प्रेमकथा हा गोळा विसरून भरभर पुढे सरकतात. इथे तो कथेचा नियमच होऊन बसतो. घाई करायची नाही, कारण घाई केली तर कुणीतरी मरेल. या वयाच्या वाचकाला असा नायक फार सुरक्षित वाटतो, हे ऐकायला कितीही उलटं वाटलं तरी.

याहून मोलाची गोष्ट मला बऱ्याच उशिरा कळली, आणि तीही एका अबोल मुलीकडून. नायिकेबद्दल काहीतरी विचारत होते, तर ती म्हणाली, “मला ती व्हायचं नाहीये. मी वाचताना तोच असते.” मी चपापले. मग पुढच्या काही वर्षांत इतरांना हळूच विचारत गेले आणि हे पुन्हा पुन्हा ऐकू आलं.

विचार करा. एक दिवस न विचारता शरीर बदललं. नवी भूक लागली, तिला नाव नाही, आणि असलं तरी ते घरात मोठ्याने घेता येत नाही. सगळ्यांसोबत जेवायला बसायचं, पण आतून आपण त्यांच्यातले राहिलेलो नाही. आरशाशी संबंध बिघडलेला. हातात अचानक अशी ताकद आली आहे की रागाच्या भरात आपण कुणाला काय बोलून बसू याचा भरवसा नाही. हे व्हॅम्पायरचं वर्णन झालं आणि तुमच्या मुलीच्या वयाचंही. त्यातून एक प्रश्न उभा राहतो, तो या कादंबऱ्यांतला प्रत्येक बरा व्हॅम्पायर स्वतःला विचारतो: मला जे हवंसं वाटतं त्यामुळे मी वाईट ठरतो, की मी जे करतो त्यामुळे? ‘ट्वायलाइट’मधलं कुटुंब माणसांऐवजी जनावरांच्या रक्तावर भागवतं आणि त्यावरून स्वतःला थट्टेने शाकाहारी म्हणवतं. विनोद साधाच आहे, पण त्यात उत्तर दडलेलं आहे. भूक तुझ्या हातात नाही, वागणं आहे. चौदाव्या वर्षी हे कुणीतरी सांगावं लागतं. आपण सांगायला गेलो की उपदेश होतो.

हा आतून दिसणारा व्हॅम्पायर मात्र फार जुना नाही. 1725 साली सर्बियातल्या किसिल्येवो गावात पेतार ब्लागोयेविच नावाच्या शेतकऱ्याचं प्रेत उकरलं गेलं. मेल्यावर तो लोकांना मारतो आहे अशी गावाची खात्री होती, आणि ऑस्ट्रियाच्या अधिकाऱ्याने त्याचा अहवाल वरती पाठवला. अशाच बातम्यांतून व्हॅम्पायर हा शब्द युरोपभर पसरला. लोककथांतला तो व्हॅम्पायर फुगलेला, लालबुंद, मातीने माखलेला असे. त्याच्या प्रेमात पडण्यासारखं काही नव्हतं. त्याला चांगले कपडे घातले जॉन पोलिडोरीने. 1816 च्या पावसाळी उन्हाळ्यात हा वीस वर्षांचा डॉक्टर कवी बायरनसोबत जिनिव्हाच्या सरोवराकाठी राहत होता. भुताच्या गोष्टी रचण्याची पैज लागली, आणि तिथल्या एका बीजावरून पुढे त्याची ‘द व्हॅम्पायर’ ही कथा झाली. 1819 साली ती छापली गेली, तीही बायरनच्या नावावर. त्यातला व्हॅम्पायर लंडनच्या दिवाणखान्यांत वावरणारा लॉर्ड आहे, फिकट आणि थंड डोळ्यांचा. देखण्या व्हॅम्पायरांची परंपरा इथून सुरू झाली.

पुढे 1845 ते 1847 या काळात इंग्लंडमध्ये स्वस्त साप्ताहिक भागांत ‘व्हार्नी’ नावाच्या व्हॅम्पायरची लांबलचक कथा निघाली. तो स्वतःच्या जगण्याला इतका कंटाळतो की अखेर व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या तोंडात उडी टाकतो. 1897 चा ब्रॅम स्टोकरचा ‘ड्रॅक्युला’ मात्र पुन्हा सरळ खलनायक. मृत पत्नीचा पुनर्जन्म आणि तिच्यासाठी झुरणारा काउंट हे मूळ कादंबरीत अजिबात नाही, ते नंतर पडद्यावर आलं. जाता जाता आणखी एक, कारण यावर माझ्या टेबलापुढे नेहमी वाद होत: उन्हाने व्हॅम्पायर मरतो हेही स्टोकरचं नाही. त्याचा ड्रॅक्युला दिवसा हिंडतो, फक्त ताकद कमी होते. उन्हात मरणं 1922 च्या ‘नॉस्फेराटू’ या मूकपटातून आलं. तेव्हा ‘ट्वायलाइट’मधल्या उन्हात चमचमणाऱ्या व्हॅम्पायरला ‘खोटा’ म्हणून हिणवणाऱ्यांनी जरा दमाने घ्यावं.

खरी उलथापालथ 1976 साली झाली. अ‍ॅन राइसच्या कादंबरीत व्हॅम्पायर स्वतः टेपरेकॉर्डरपुढे बसतो आणि आपली कहाणी सांगतो. त्याला मारण्याची किळस येते, अपराधी वाटतं, एकटं वाटतं. वाचक पहिल्यांदा इतका वेळ त्याच्या बाजूने बसला. 1991 मध्ये एल. जे. स्मिथच्या ‘द व्हॅम्पायर डायरीज’ने त्याला शाळेत आणून बसवलं. म्हणजे 2005 साली तुमच्या मुलीच्या आवडत्या पुस्तकाने नवं फार थोडं केलं, पण नेमकं केलं. आणि मुलं त्याच्या जागी बसून वाचतात याचा पुरावा हवा असेल तर हा घ्या: पहिल्या भागाचीच गोष्ट नायकाच्या तोंडून सांगणाऱ्या ‘मिडनाइट सन’चा कच्चा मसुदा 2008 साली इंटरनेटवर फुटला, ‘ट्वायलाइट’ची लेखिका स्टेफनी मायर हिने लिखाण थांबवलं, आणि वाचक 2020 पर्यंत त्या पुस्तकाची वाट बघत राहिले. शेवट ठाऊक, संवाद पाठ, तरी त्यांना ते त्याच्या डोक्यात शिरून पुन्हा वाचायचं होतं.

आता नायिकेकडे येते. ती साधी असते, जरा धडपडी, स्वतःबद्दल फारसं चांगलं मत नसलेली. टीकाकार म्हणतात, तिला व्यक्तिमत्त्वच नाही. खरं आहे, आणि ते कामाचं आहे. प्रथमपुरुषी निवेदनात ती जागा रिकाम्या खुर्चीसारखी असते, जो येईल तो बसतो. त्या खुर्चीवरून काय दिसतं ते बघा. मानसशास्त्रज्ञ डेव्हिड एलकाइंड यांनी 1967 साली किशोरवयाबद्दल एक गोष्ट मांडली: या वयात मुलांना सतत वाटतं की सगळे आपल्याकडेच बघताहेत. त्यांनी त्याला काल्पनिक प्रेक्षक म्हटलं. एरवी हा प्रेक्षक छळतो, कारण तो पुळ्या मोजतो, कपड्यांना हसतो. या कादंबरीत तो प्रेक्षक खरा होतो आणि प्रेमात पडलेला असतो. खोलीभर माणसांत एक जण फक्त तिच्याकडे बघतो आहे, तिच्या हृदयाचे ठोकेसुद्धा त्याला ऐकू येतात.

आणि या सगळ्यातली सर्वांत हुशार युक्ती कुणाच्या नजरेत फारशी येत नाही. त्याला सगळ्यांच्या मनातलं ऐकू येतं, फक्त तिच्या नाही. घरात, वर्गात जिला वाटतं की आपल्याला कुणी ओळखत नाही आणि त्याच वेळी आपल्या खोलीचं दार कुणीही उघडतं, तिच्यासाठी याहून मोठी भेट नाही. तिचं मन बंद आहे, म्हणून त्याला तिला विचारावं लागतं. तुला काय आवडतं, तू काय विचार करते आहेस, हे प्रश्न तो पानं भरभरून विचारतो. एका मुलीने परत केलेल्या प्रतीत नेमक्या त्या पानांत सुटे कागद खुणेला ठेवलेले मला सापडले होते. चुंबनाच्या पानात एकही नव्हता.

काळाचंही काहीतरी आहे, ते थोडक्यात सांगते. या वयात पहिल्यांदा जाणवतं की मैत्रिणी दुरावणार, शाळा संपणार, घरातलं कुणी म्हातारं माणूस जाणार. दुसऱ्या भागाच्या सुरुवातीला नायिकेला स्वप्नात आजी दिसते, आणि मग कळतं की समोर आरसा आहे. अठराव्या वर्षी म्हातारपणाची भीती, म्हणून आपल्याला हसू येतं. मुलांना येत नाही.

मुलगेही वाचतात, हे मघाशी राहिलं. ते वेष्टन चढवून नेतात, किंवा बहिणीसाठी नेतो म्हणतात. अशी एक ‘बहीण’ वर्षभरात अकरा पुस्तकं वाचून गेली आणि तिला भाऊच नव्हता असं नंतर निष्पन्न झालं, म्हणजे खरं तर उलट. मी काही बोलले नाही. आवडत्या माणसाशी सांभाळून वागणारा, आपल्या ताकदीला घाबरणारा नायक मुलग्यांनी वाचला तर मला तो फायदाच वाटतो.

दुसरा प्रश्न, भलतंच शिकण्याचा. काळजी निराधार नाही. तो तिला न सांगता रात्री तिच्या खोलीत येऊन ती झोपलेली बघत राहतो. तिसऱ्या भागात, तिने मित्राकडे जाऊ नये म्हणून तिच्या गाडीच्या इंजिनाचा भागच काढून ठेवतो. मला मात्र याहून जास्त खटकतो तो दुसरा भाग, जो तुमच्या मुलीने दोनदा वाचला आहे. तो सोडून जातो आणि कथेत महिन्यांची नुसती नावं असलेली कोरी पानं येतात. मग धोका पत्करला की त्याचा आवाज ऐकू येतो असं लक्षात आल्यावर ती मुद्दाम धोका शोधत फिरते, अगदी कड्यावरून उडी मारण्यापर्यंत. त्या कोऱ्या पानांची परिणामकारकता मी मान्य करते, पण दुःखाला असं मोठेपण दिलेलं मला आवडत नाही. या पुस्तकाबद्दल एकच गोष्ट बोलायची असेल तर ती ही बोला.

झोपेत बघण्याबद्दल एक गंमत सांगण्यासारखी आहे. स्टोकरच्या कादंबरीत व्हॅम्पायरवर एक बंधन आहे: घरातल्या कुणीतरी आधी बोलावल्याशिवाय त्याला आत येता येत नाही. हा उंबरठ्याचा नियम पुढच्या बऱ्याच व्हॅम्पायरकथांनी पाळला. जॉन आयविदे लिंडक्विस्टच्या 2004 च्या स्वीडिश कादंबरीचं तर नावच त्यावरून आहे (ती प्रेमकथा कमी आणि भयकथा जास्त, चौदाव्या वर्षी नकोच). मायरच्या जगात हा नियम नाही. तिचा नायक कुणी बोलावण्याची वाट बघत नाही. मी हे मुलांना सांगते आणि विचारते, लेखिकेने नेमका हाच नियम वगळला, तर गोष्टीत काय बदललं? यावर तासभर भांडणं होतात आणि मला संमती हा शब्द उच्चारावाही लागत नाही, तो त्यांच्यातलाच कुणीतरी उच्चारतो.

दुसरा प्रयोग खुद्द लेखिकेने करून ठेवला आहे. नायिका फारच असहाय आहे या टीकेला उत्तर म्हणून 2015 साली तिने पहिल्या भागाची नवी आवृत्ती लिहिली, ‘लाइफ अँड डेथ’. त्यात मुलगी व्हॅम्पायर आहे आणि मुलगा साधा माणूस. दोन्हींतला एकच प्रसंग शेजारी ठेवून वाचायला दिला तर कुठे खटकतं ते मुलं आपणहून दाखवतात. कधी दोन्हीकडे खटकतं, कधी एकीकडेच, आणि मग ते एकीकडेच का, यावर बोलणं निघतं.

बंदीचा उपाय करू नका. अमेरिकेतल्या ग्रंथालय संघटनेच्या 2009 आणि 2010 च्या सर्वाधिक आक्षेप आलेल्या पुस्तकांच्या याद्यांत ही मालिका होती. वाचकसंख्येवर त्याचा काय परिणाम झाला ते उघड आहे. मुलं गोष्ट आणि आयुष्य यांत फरक करतात, बहुतेक वेळा आपल्यापेक्षा चांगला. ‘तो माझ्या खिडकीत आला तर मी किंचाळेन’ असं हसत सांगणारी मुलगी तीच पानं पुन्हा वाचते, यात विसंगती काही नाही. मी सावध होते ते वेगळ्याच वेळी. एखाद्या मुलीच्या खऱ्या आयुष्यात कुणी तिचा फोन तपासतो आहे, मैत्रिणी तोडायला लावतो आहे, आणि ती त्याचं समर्थन या पुस्तकांच्या भाषेत करते आहे, असं दिसलं तर. किंवा दुसऱ्या भागातली ती कोरी पानं एखादी स्वतःबद्दल सांगू लागली तर. तेव्हा पुस्तकावर चर्चा करत बसू नये, मुलीजवळ बसावं आणि गरज वाटली तर समुपदेशकाला गाठावं.

आता तिसरा भाग. द्या. पण त्याआधी पहिला तुम्ही वाचा, निदान वर्गातला प्रसंग आणि प्रश्नोत्तरांची पानं. वाचून झाल्यावर मत सांगायची घाई करू नका, तुला कुठलं पान आवडलं एवढंच विचारा. ती सहा महिने हेच वाचते आहे याचा मला त्रास वाटत नाही. एकाच चवीचं खूप वाचणारी मुलंच पुढे वाचत राहतात असा माझा अनुभव आहे, आणि व्हॅम्पायरकडून पुढे जाणारे रस्ते बरेच चांगले आहेत. ‘वुदरिंग हाइट्स’ हे जुनं इंग्रजी पुस्तक तर ‘ट्वायलाइट’च्या नायिकेच्याच हातात आहे, त्यामुळे मुली ते मागायला स्वतःहून येतात. चाळीसएक पानांनंतर निम्म्या परत करतात, उरलेल्या निम्म्यांना ते जन्मभर पुरतं. तुमच्या मुलीला मी आधी शेरिडन ले फानूची 1872 ची ‘कार्मिला’ देईन. शंभरेक पानांची आहे. एकाकी वाड्यातली एक मुलगी आणि तिच्याकडे पाहुणी म्हणून आलेली दुसरी मुलगी, आणि सांगणारी प्रामाणिकपणे कबूल करते की मला तिची ओढही वाटत होती आणि किळसही. ‘ड्रॅक्युला’ त्यानंतर. पत्रं आणि रोजनिशांतून सांगितलेली गोष्ट आहे, मधली पानं रेंगाळतात, ती गाळली तरी चालेल असं तिला आधीच सांगून ठेवा.

चौथ्या भागाचं मात्र वेगळं आहे. त्यात लग्नाच्या रात्रीनंतर अंगावर उठलेले काळेनिळे वळ आहेत, आईचं शरीर आतून मोडणारं गरोदरपण आहे आणि रक्तबंबाळ बाळंतपण आहे. आमच्याकडे ते पुस्तक मी मोठ्या मुलांच्या कपाटात ठेवत असे आणि मागणाऱ्याला का ते सांगत असे. वर्ष-दोन वर्षं थांबवता आलं तर बघा. नाहीच थांबली, तर दोन प्रती आणा आणि एकाच आठवड्यात दोघी वाचा.